थकल्याची कबुली

काष्टी गावात आराधना उजागरेला सगळे ‘गुरुजींची विमानवाली’ म्हणतात. तिचे वडील स्टीफन गुरुजी आणि मी, आम्ही एकाच शाळेत वीस वर्षं मास्तरकी केली. त्यामुळे तिची हकिकत मला त्यांच्या घरातूनच कळत गेली.

आराधना एका छोट्या विमान कंपनीत कॅप्टन आहे. सत्तर माणसांचं, पंख्यांवर चालणारं विमान. हैदराबादहून शिर्डी, परत, मग आणखी एखादं लहान गाव, परत. दिवसाला चार-पाच उड्डाणं होतात. दोन वर्षांपूर्वी तिथल्या वैमानिकांनी संघटना बांधली आणि प्रतिनिधी म्हणून तिला निवडलं. गुरुजींना ते रुचलं नाही. आपण बरं, आपलं काम बरं, असं त्यांचं आयुष्यभराचं धोरण. पोरीला प्रशिक्षक कॅप्टनची जागा मिळायची वेळ आलेली, त्यात हे लचांड कशाला, असं ते मला म्हणाले होते.

मग एप्रिलमध्ये अमृतचं प्रकरण झालं. अमृत जामखेडकडचा, सहवैमानिक, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. पाच दिवस सलग पहाटेची ड्यूटी करून तो त्या दुपारी शिर्डीला उतरला आणि पुढचं विमान नेणार नाही म्हणाला. डोळे मिटतायत, एवढंच त्याने लिहून दिलं. प्रवासी तीन तास खोळंबले. कंपनीने हुकूम मोडल्याचा ठपका ठेवून त्याला निलंबित केलं.

चौकशीत आराधना त्याच्या शेजारी बसली. पाच दिवसांच्या ड्यूटीचे कागद तिने नेले होते, पण तास नियमात बसत होते. कागदांचा उपयोग होईना. अखेर चौकशी अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, “हेच काम बाकीचे सगळे करतात, मॅडम. ते का नाही थकत?”

तिने कागद बाजूला सारले. मग म्हणाली, “थकतात. मागच्या ऑक्टोबरात शिर्डीला उतरताना माझा डोळा लागला होता. सहवैमानिकाने दोनदा हाक मारली, तेव्हा जाग आली. मी कुणाला सांगितलं नाही. याने सांगितलं.”

हे नोंदवून घ्यायचं का, असं अधिकाऱ्याने विचारलं. ती हो म्हणाली.

अमृत कामावर परतला. थकल्याचा अर्ज देणाऱ्याला त्या दिवशी उड्डाण द्यायचं नाही आणि त्यावरून कारवाईही करायची नाही, हे कंपनीने संघटनेला लिहून दिलं. आराधनाला मात्र घडलेलं लपवल्याबद्दल तीन महिने विमानापासून दूर ठेवलं. प्रशिक्षकाची जागा दुसऱ्याला गेली.

ते तीन महिने ती काष्टीत होती. एका शनिवारी गुरुजी आणि मी बाजारातून आलो, तर ती ओट्यावर मेथी निवडत बसलेली. गुरुजी पिशवी खाली ठेवून तिच्यासमोर बसले.

“तवाच का न्हाई सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“भीती वाटली, पप्पा. जागा जाईल म्हणून.”

गुरुजींनी मेथीची एक जुडी आपल्याकडे ओढली. मला वेशीपर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, “मागं सत्तर मानसं बसलेली. आन गप ऱ्हायला तिला मीच शिकवलं.”

अमृत पुढे मोठ्या कंपनीत गेला. आराधना ऑगस्टात कामावर रुजू झाली, तोवर त्या अर्जाला कुणी हात लावला नव्हता. प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघत होता. सप्टेंबरात एका सकाळी पहिला अर्ज तिनेच भरला. रात्रभर झोप लागली नव्हती, एवढं खरं कारण पुरेसं होतं.

दिवाळीत आली तेव्हा मला म्हणाली, “चौकशीत बोलताना मी अमृतसाठी भांडत होते, काका. ते जमलं. स्वतःसाठी तीन ओळी लिहायला मात्र अर्धा तास लागला.”

त्यानंतर इतरांचे अर्ज येऊ लागले. काहींवर साहेब लोक अजून कपाळाला आठ्या घालतात, पण कुणाचाही अर्ज परत करत नाहीत.