हात वर करून दाखव

माझा उजवा हात जन्मापासूनच जरा नाखूश आहे. जन्माला येताना मी खांद्यापाशी अडकलो, ओढाओढीत मानेजवळच्या नसा ताणल्या गेल्या, आणि तेव्हापासून हा हात वर जायचं म्हटलं की कुरकुर करतो. म्हणजे जगात येतानाच मी पहिला घोळ घातला. पुढचे सगळे त्या मानाने किरकोळ.

हा हात लहानपणापासून एकाच डॉक्टर मॅडमनी सांभाळला. लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टर. भिंतीवर जिराफ, टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांची बरणी. आमच्या घरात त्यांच्याकडे जाण्याला तपासणी कुणी म्हणायचंच नाही. ती परीक्षा होती. आदल्या दिवशी आई भाजी निवडता निवडता उजळणी घ्यायची. "हात तोंडाशी. आता मानेमागे. आता वर. कोपर ताठ, मागच्या वेळी तिथेच गाडी अडली होती."

शाळेत मला शाबासकी फारशी कधी मिळाली नाही. ती मिळायची हक्काची जागा म्हणजे हा दवाखाना, त्यामुळे मी हावरट झालो. हात जिथे थांबायचा तिथून पुढे मी गुपचूप कमरेतून डावीकडे झुकायचो. हात होता तिथेच, पण बघणाऱ्याला वाटावं आभाळाला टेकला. मॅडम फसायच्या नाहीत. खांद्यावर दोन बोटं दाबून धरायच्या आणि म्हणायच्या, "आता उचल, नाटक्या." मग जे खरं ते दिसायचं. गोळी मात्र तरीही मिळायची.

माझं अठरावं सरलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जिराफापेक्षा उंच झालास. आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं." त्यांनी जाडजूड फाईल माझ्या हातात दिली आणि माझी रवानगी केली.

नेमकी त्याच वर्षी मला कॉलेजला जायला स्कूटी मिळाली होती. गंगापूर रोडवरून कॉलेज गाठेपर्यंत उजव्या हाताला मुंग्या यायच्या. मग खांदाही ठणकायला लागला. एकदा सिग्नलला बोटं अ‍ॅक्सिलरेटरवर आहेत की नाहीत, हे मला खाली बघून ठरवावं लागलं. घरी मी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. काढलं असतं तर किल्ली आईच्या पर्समध्ये गेली असती आणि मी सिटी बसच्या दांड्याला लोंबकळलो असतो, तेही डाव्या हाताने.

म्हणून मी बेत केला. नव्या डॉक्टरांना एकट्यानेच भेटायचं, मुंग्यांचं हळूच सांगायचं, औषध घ्यायचं आणि किल्ली वाचवायची.

"आई, मी आता अ‍ॅडल्ट आहे. तू बाहेर बस."

"बसते की. एसी आहे इथे," आई म्हणाली आणि तिने मोबाईल काढला.

या नव्या दवाखान्यात भिंतीवर जिराफ नव्हता, गुडघ्याचा सांगाडा होता. शेजारी निफाडकडचे एक काका पाय लांब करून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फाईलकडे पाहिलं. "कोणाला घेऊन आलास रे? आजोबा कुठं गेले?"

"मीच पेशंट आहे, काका."

"तू? मंग आम्ही काय म्हणायचं!"

माझा नंबर आला. "बसा," डॉक्टर म्हणाले. "काय त्रास होतोय तुम्हाला?"

मी मागे वळून पाहिलं. मला 'तुम्ही' म्हणणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. मी सावरून तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी फाईल चाळत म्हटलं, "आधी हात वर करून दाखवा."

बस. ते वाक्य कानावर पडलं आणि लहानपणापासूनची सगळी तालीम अंगात आली. कोपर ताठ, मान सरळ, कंबर डावीकडे. असा सुरेख झुकलो म्हणता!

"अरे वा. छान जातोय की वर."

माझी छाती फुगली.

"दुखतं? मुंग्या वगैरे?"

"नाही सर!" मी खणखणीत आवाजात म्हणालो. पहिल्या नंबराने आलेला मुलगा असंच उत्तर देतो.

"उत्तम. वर्षाने दाखवायला या."

मी विजयी वीरासारखा बाहेर आलो.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"छान म्हणाले."

"आणि मुंग्यांचं?"

माझ्या हातातली फाईल खाली पडली. "तुला काय माहीत?"

"जेवायला बसताना रोज हात झटकतोस, थर्मामीटर झटकल्यासारखा. मी काय आंधळी आहे? म्हटलं बघू, स्वतःहून सांगतोस का."

"मग तू चल ना आत."

"मी कशाला? अ‍ॅडल्ट तू आहेस." तिने परत मोबाईलमध्ये डोकं घातलं.

आता नंबर होता काकांचा. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. "काका, मी आधी जाऊ का परत?"

"का रे, नापास झालास का?"

"पास झालो, काका. तीच तर अडचण आहे."

त्यांना काय समजलं देव जाणे, पण ते खदाखदा हसले. "जा, जा. माझा गुडघा काय पळून जात नाय."

डॉक्टरांनी मान वर केली. "काही विसरलात?"

"सर, मघाशी मी झुकलो होतो," मी म्हणालो. "माझ्या खांद्यावर दोन बोटं दाबून धरा आणि परत सांगा."

ते उठले, खांदा दाबला, म्हणाले, "उचला." हात खांद्याच्या रेषेपाशी येऊन थांबला आणि थरथरायला लागला. ते आधी हसले, मग हसायचे थांबले. मी मुंग्या, खांदा, सिग्नल, सगळं भडाभडा ओकून टाकलं.

"हे लपवून ठेवलं असतंत तर उरलीसुरली ताकदही गेली असती," ते म्हणाले. "मला सांगा, या हाताने तुम्हाला करायचंय काय?"

हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. 'काय येतं' एवढंच सगळे विचारायचे.

"स्कूटी चालवायचीय, सर."

"मग काही महिने चालवायची नाही. नसांची तपासणी करू, व्यायाम करा. त्यानंतर हात काय म्हणतो ते बघू. झुकलेला नाही, खरा."

पार्किंगमध्ये मी स्वतःच किल्ली आईपुढे धरली. तिने ती सरळ स्कूटीला लावली. मी मागे बसलो. मला वाटलं होतं, आई गोगलगायीसारखी चालवेल. तिने गल्लीतून सुसाट बाहेर येत एका रिक्षाला असा कट मारला की रिक्षावाला अर्धा बाहेर झुकून आमच्याकडे बघत राहिला.

"आई, हळू!"

"उद्यापासून कॉलेजला सोडणार तुला मी," ती वाऱ्यात ओरडली. "थेट गेटपर्यंत!"