शटरच्या आतला संसार

रस्ता चौपदरी झाला तेव्हा उमरखेडच्या अलीकडचं आमचं तुरीचं वावर त्यात बरंचसं गेलं. हायवेला लागून एक लांबट तुकडा तेवढा उरला. तो अकृषक करून घ्यायचं ठरलं. पण राहण्यासाठी की धंद्यासाठी, यावरून घरात रोज बोलणं निघायचं. गावातल्या आमच्या घरात पावसाळ्यात नालीचं पाणी शिरायचं, म्हणून मला तिथे रस्त्यापासून मागे सरून दोन खोल्या हव्या होत्या. नवरा म्हणायचा, एवढ्या गाड्या दारावरून जातात, दुकानंच काढू, घर मागाहून होईल.

जमीन सासऱ्यांच्या नावावर. एका दुपारी त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "तुले काय वाटते?"

"मामाजी, मले घर पाह्यजे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानांसाठी सही केली आणि मला येऊन सांगितलं, पोराला आता कुठेतरी उभं राहू दे. त्यांच्यावर रागावताही येईना.

गावातलं घर विकून तीन गाळे बांधले. एकात चहा-पोह्यांचं हॉटेल टाकलं, एक उमरखेडच्या पंक्चरवाल्या मिस्त्रींना भाड्याने दिला, आणि तिसऱ्यात, धंदा बसेपर्यंत म्हणून, आम्ही राहायला आलो. वर्ष झालं नसेल, रस्त्याच्या मधोमध उंच दुभाजक आला आणि आमच्यासमोरून पलीकडे जायची वाट बंद झाली. पलीकडच्या गाड्या येईनात. अलीकडच्या गाड्या जवळच्या पुलावरून अशा सुसाट उतरत की थांबायचं कुणाला सुचत नसे. मिस्त्रींनी दिवाळीपर्यंत वाट पाहिली, मग माफी मागून कॉम्प्रेसर टेम्पोत चढवला. उरलेले पोहे आम्ही रात्री जेवायला घेऊ लागलो.

शटर लावलं की आत जीव गुदमरायचा. उघडं ठेवलं की अंथरुणावर धूळ बसायची. विजेचं मीटर दुकानाच्या दराचं. घरगुती मीटर मागायला मी वीज कार्यालयात गेले, तर तिथला बाबू समजावणीच्या सुरात म्हणाला, "ताई, कागदावर तिथं कोणी राहतच नाही."

या उन्हाळ्यात सासरे त्याच गाळ्यात वारले. शटर अर्ध्यावर अडकलं होतं. भेटायला आलेल्या बाया वाकून आत येत होत्या, वाकून बाहेर जात होत्या. सासऱ्यांनाही तसंच खाली धरून, वाकून बाहेर काढावं लागलं. मसणवटा समोरच, नाल्याच्या काठाला, दारातून दिसणारा. पण मधे दुभाजक. माणसं तिरडी खांद्यावर घेऊन हायवेच्या कडेने पुलाखालच्या वाटेकडे निघाली. मागून ट्रक हॉर्न देत होते. मी दारात उभी राहिले. पुष्कळ वेळाने ती माणसं पलीकडे दिसली, तेव्हा त्यांच्यात माझा नवरा कोणता, तेही ओळखू येईना.

संध्याकाळी तो ओल्या कपड्यांनीच बाकड्यावर बसला. म्हणाला, "तुह्यं आयकाले पाह्यजे होतं."

हे त्याने कधीतरी म्हणावं असं मला फार वाटायचं. त्या दिवशी ते ऐकून मी आत गेले आणि दिवा लावायचा राहिला होता तो लावला.

आता तुकडा विकायला काढलाय. परवा एक जण बघायला आला होता. तो गाडीतून उतरलासुद्धा नाही.