पेनबुईकाकांनी खरवडलेलं नाव

आमच्या गल्लीत पेनबुईकाका मोहरेच्या अंगठ्या कोरायचे. नाव उलटं कोरायचं, म्हणजे ओल्या मातीवर दाबलं की सुलटं उमटतं. तीस वर्षं हेच. "बरे आहात ना?" विचारलं तर हातातलं अक्षर संपवून मग म्हणायचे, "हं."

राजानं अमुन देवावर बंदी घातली. देवळांवरचं त्याचं नाव पुसायला शिड्या आल्या, अंगठ्यांवरचं पुसायला काकांना बसवलं. शेजारी तपासनीस इपुकी. अमुनच्या नावात पाण्याच्या लाटेचं एक चिन्ह असायचं. प्रत्येक अंगठी मातीवर दाबून इपुकी नाकातून ओरडायचा, "लाट राहिलीय हो, लाट! देव गेला, त्याची लाट कशाला ठेवता?"

रांगेत बायका फिदीफिदी हसायच्या. "काका, माझ्या सासऱ्याचं अख्खं नाव पुसा. पलीकडे तरी कुणी हाक मारू नये मेल्याला!"

तिसऱ्या दिवशी रांगेत हेनुतकाकू आल्या. काकांचीच बायको. हातात त्यांच्या मुलाची, अमुनमोसेची अंगठी. तो दगड वाहणाऱ्या नावेवर कामाला होता, मगरीनं ओढून नेला. प्रेत नाही, थडगं नाही. पलीकडच्या जगात त्याला ओळखायला नाव काय ते त्या अंगठीवर. लपवायची सोय नव्हती, घरातल्या पिठाच्या पेटीवर त्या अंगठीनं उमटवलेला शिक्का इपुकीनं पाहिला होता.

"अहो, हे नाही खरवडायचं. हत्यार मोडलं म्हणून सांगा."

"सांगा की," इपुकी म्हणाला. "मग दोघांची नाकं कापून वाळवंटात धाडतो."

"अगं, थोडंच जाईल," काका पुटपुटले. "मोसे राहील."

"मोसे दर घरात एक आहे! आपला कुठला, ते कसं कळायचं तिथं?"

काकांनी खरवडलं. हात जराही हलला नाही. इपुकीनं दाबून पाहिलं, "वा! मागमूस नाही."

काकूंनी अंगठी उचलली. "मारा आता हाक. एवढ्याच नावानं मारा!"

काकांनी रांगेतली पुढची अंगठी हातात घेतली.

काकू वळल्या आणि गल्लीतून नदीकडे चालत सुटल्या. "अमुनमोसे! ए अमुनमोसे!" अख्खं नाव, भर दुपारी, गळा फाडून. बायकांचं हसू थांबलं. एकेक दार बंद होत गेलं. आमच्या दाराचा अडसर मीच लावला. आतून ऐकू येत होतं, आधी काकूंची हाक, मग इपुकीच्या शिपायांचे धावते पाय.