पोकळ थप्पी

“साहेब, वर चढून बघा,” म्हणत गोदामपाल साळव्यांनी थप्पीला शिडी लावली.

मॅनेजरनं लगेच माझा दंड धरला. “साळवे, साहेबांना आंबे उतरवायला बोलावलंय व्हय? चला साहेब, चहा निवतोय.”

बहात्तरचा दुष्काळ. शेवगावकडचा एक सहकारी संघ. गोदामात मिलो, म्हणजे बाहेरदेशची तांबडी ज्वारी. दुष्काळी कामावरच्या मजुरांसाठी आलेली. मी नवा ऑडिटर. एकावर एक रचलेल्या पोत्यांची थप्पी मोजायला सोपी: लांबी, रुंदी, उंची, गुणाकार. पण मधे पोकळी ठेवली तर गुणाकाराला कळत नाही. म्हणून वर चढायचंच असतं. मी चढलो नाही. ‘स्टॉक बरोबर’ लिहून सही केली.

मॅनेजर फार लाघवी. पहिल्या भेटीत त्यानं माझ्या आईला दमा आहे हे बोलता बोलता काढून घेतलं, दुसऱ्या भेटीत औषध घेऊन हजर. हिशेबाच्या धंद्यातल्या असल्या माणसांवर आता संशोधन होतं म्हणे. गोड जीभ, स्वतःचीच आरती, दुसऱ्याच्या जिवाची फिकीर शून्य. वाचताना माझं डोकं फिरतं. मजुरांच्या तोंडचं धान्य विकून हा माणूस माझ्या आईची खुशाली विचारत होता!

पुढं थप्पी कलंडली. आत पोकळ. चौकशी लागली.

माझ्या जबाबाच्या आदल्या दिवशी मॅनेजर हसत म्हणाला, “घाबरता कशाला? तुम्ही मोजली तेव्हा थप्पी भरलेली होती. म्हणजे माल नंतर गेला. आन् किल्ली कुनाकडं? साळव्याकडं.”

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खोलीबाहेर साळवे उभेच होते. “साहेब, तुमी फकस्त एवढंच सांगा, वर चढलो न्हवतो. माझी पोरं हायेत.”

आत चौकशी अधिकाऱ्यानं मला विचारलं, “वर चढून पाहिलं होतं?”

“हो,” मी म्हणालो.

साळव्यांची नोकरी गेली, वर चोरीचा डाग. रविवारी चर्चमध्ये लोक त्यांच्या बाकावर बसेनात. शेवटी घरदार उचलून ते गाव सोडून गेले. कुठं, ते शोधायची माझी हिंमत झाली नाही. मॅनेजरला बढती मिळाली.

असला माणूस ओळखायला पुस्तक लागत नाही. तुम्ही अडकलात की तुमच्याआधी तोच सुटकेची वाट काढून देतो, आणि ती वाट दुसऱ्या कुणाच्या तरी छातीवरून जाते. तिथंच उठून जावं. मी उठलो नाही, आणि माझी नोकरी शाबूत राहिली.