माझी आत्या म्युनिसिपालिटीत

माझ्या आत्याइतकी सतत आणि मनापासून रागावलेली बाई सबंध मावळात दुसरी नव्हती. इतर लोक रागावतात आणि विसरतात. आत्याचा राग पहाटे चुलीबरोबर पेटायचा आणि रात्री चुलीवर पाणी मारल्यावरही धुमसत राहायचा. लोणावळ्याच्या अलीकडे, पुणे-मुंबई लोहमार्गावरच्या एका गावात, स्टेशनासमोर तिची खानावळ होती. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांची नातवंडं अजून तिथे नांदतात आणि आजोबांच्या तसबिरीला हार घालतात. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची ही गोष्ट. मी त्या स्टेशनात बुकिंग क्लार्क म्हणून लागलो होतो आणि ती माझ्या वडिलांची थोरली बहीण, म्हणून तिच्याच माळ्यावर राहत होतो. आत्याचे यजमान इंजिनावर फायरमन होते, ते ऐन उमेदीत वारले. तेव्हापासून घाट चढणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड यांना भाकरी, आमटी आणि शिव्या ती एकाच हाताने वाढत असे.

तिला कशाचाही राग येई. तांदळात कणी निघाली की गिरणीवाल्याचा, पाऊस थांबला नाही की पावसाचा, थांबला की पुन्हा पावसाचाच. भुकेल्या माणसाचा तर फारच. ‘इतका येळ उपाशी ऱ्हायलास कशापायी?’ असं म्हणत ती त्याच्या ताटात दोन भाकऱ्या आपटायची. एकदा एक ड्रायव्हर सिग्नल पडला म्हणून अर्धी भाकरी टाकून उठला. आत्या ती भाकरी आणि कांदा घेऊन फलाटावर गेली आणि सरळ रुळांत उतरून इंजिनापुढे उभी राहिली. गार्ड हिरवं निशाण हलवतोय, स्टेशनमास्तर धोतर सावरत धावतोय, मी तिकिटाच्या खिडकीतून मान काढून पाहतोय. ‘आदी हे खा, मग कुटं जायचं तितं जा,’ ती म्हणाली. ड्रायव्हरने उभ्या उभ्या भाकरी संपवली, वर पाणी प्याला, मग गाडी सुटली. उशिराचं कारण म्हणून मास्तरांनी ‘इंजिनात पाणी भरणे’ असं लिहिलं.

म्युनिसिपालिटीशी तिचं वैर जडलं ते दिव्यांवरून. गावाच्या वरच्या अंगाला मुंबईच्या श्रीमंतांचे बंगले होते. मंडळी उन्हाळ्यात महिना-दीड महिना यायची. उरलेलं वर्षभर त्यांच्या रस्त्यावरचे कंदील माकडांसाठी जळत. खाली बाजाराच्या विहिरीवर मात्र काळोख. एका पहाटे त्या काळोखात गवळ्याची सून घसरली आणि कायमची वाकून चालू लागली. आत्या तक्रार घेऊन कचेरीत गेली. अंदाजपत्रकाच्या सभेत बघू, असं उत्तर मिळालं.

‘अंदाजपत्रक म्हंजे काय रं?’ तिने घरी येऊन मला विचारलं.

‘पुढच्या वर्षी कशावर किती खर्च करायचा, त्याचा अंदाज.’

‘आन् अंदाज कोन घेतंय?’

‘सभासद घेतात.’

‘मंग त्यांचा अंदाज चुकलाय. चल.’

घरपट्टी भरणाऱ्यांना सभेत मागच्या बाकावर बसायची मुभा होती, पण त्या बाकावर आजवर कुणी बसलं नव्हतं. आत्या सूपभर वालाच्या शेंगा घेऊन बसली आणि सोलू लागली. अध्यक्ष वकील होते, बोलणं साखरेसारखं. त्यांनी अर्धा तास कडकड आवाज सहन केला आणि म्हणाले, ‘बाई, सभेत शेंगा सोलू नयेत.’

‘तसा नेम हाय का?’

नियम नव्हता. पुढच्या सभेत त्यांनी तो एकमताने मंजूर करून घेतला. त्या दिवशी आत्या गोधडी शिवायला घेऊन गेली आणि सुई चालवता चालवता म्हणाली, ‘जरा मोट्यानं बोला. तुमचं येकमेकांत चाललंय, आमाला ऐकू येत न्हाई.’ तिच्या धाकाने सभासद खणखणीत बोलू लागले, आणि खणखणीत बोलायचं म्हटल्यावर त्यांना पुष्कळ गोष्टी बोलता येईनात. विहिरीवर एक कंदील लागला. मला वाटलं, झालं, आता आत्या निवेल. ती निवली नाही. सभेला जायची तिला सवयच जडली.

म्हणूनच टेकडीचा ठराव तिच्या कानावर पडला. बंगल्यांच्या मागे एक टेकडी होती आणि तिच्या पोटाशी झऱ्यालगत कातकऱ्यांची वस्ती होती. कारवीच्या कुडाची आणि गवती छपरांची दहा-बारा खोपटं असतील. म्युनिसिपालिटी जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून ही माणसं तिथे होती. आता ठराव आला की ही टेकडी ‘बंगलेभाग’ म्हणून राखावी, तिथे गवती छपराला मनाई करावी, प्लॉट पाडावेत, आणि वस्तीने नाल्यापलीकडच्या सखल जागेत जावं. ठराव मांडणारा सभासद स्वतः कंत्राटदार होता.

‘त्या जागेवर बंगलं कोन बांदनार?’ आत्याने मागून विचारलं.

‘तो प्रश्न आज सभेपुढे नाही,’ अध्यक्ष म्हणाले. कंत्राटदार छताकडे पाहत होता.

आजही ते आठवलं की माझ्या हाताच्या मुठी वळतात. नाल्यापलीकडची ती जागा काय होती, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. आषाढात तिथे म्हशी पोहत. पण म्युनिसिपालिटीच्या कमिटीने पाहणी ठेवली ती वैशाखात. छत्र्या उन्हासाठी उघडून मंडळी भेगाळलेल्या जमिनीवरून फिरली, कलिंगड खाल्लं आणि ‘जागा सपाट, मोकळी व आरोग्यदायक’ असा अहवाल दिला. सही करणाऱ्यांत एक डॉक्टर होता.

वस्तीतली चांगुणा आत्याला लाकूडफाटा आणि पत्रावळी आणून द्यायची. दोघींचं भांडण रोजचं. फाटा ओला म्हणून आत्या भांडे, मोबदल्याचे तांदूळ जाडे म्हणून चांगुणा. तो अहवाल मी वाचून दाखवला तेव्हा ती खानावळीच्या ओट्यावर बसली होती. तिने शांतपणे ऐकलं.

‘आमाला कुनी इचारलं न्हाई,’ ती म्हणाली. ‘पानी कुटवर येतं ते आमी दावलं असतं.’

‘मला तरी कुनी इचारलं?’ आत्या ओरडली. ‘पन मी बोलले का न्हाई? तू का बोलत न्हाईस? तोंड हाय का न्हाई तुला?’

‘बोलले का मावशी, तर उद्याच येतील,’ चांगुणा म्हणाली. ‘तुझ्या घराला दगडाची भित हाय.’

आत्या त्यावर काही वेळ चुलीशीच भांडत राहिली. मग मला म्हणाली, ‘त्या कमिटीत खुर्चीवर बसायला काय लागतंय?’

‘निवडून यावं लागतं.’

‘मंग येते.’

बाईमाणसाने उभं राहायला कायद्याची आडकाठी नव्हती. आडकाठी गावाच्या हसण्याची होती, आणि आत्यासमोर हसायची गावात कुणाची छाती नव्हती. तिने केला तसा प्रचार पुढे मी कधी पाहिला नाही. प्रत्येक दारात जाऊन ती मतदाराला आधी झापायची. किराणावाल्याला म्हणाली, ‘तुजं तागडं खोटं हाय, ते मला ठावं हाय. मत मला दे आन् तागडंबी नीट कर.’ अध्यक्षांचा बंगला त्यांच्या पत्नीच्या नावावर होता, म्हणजे मत त्या पत्नीलाही होतं. आत्या तिथेही गेली. त्या बाईंनी तिला गुळाचा खडा आणि पाणी दिलं. ज्यांच्या घरासाठी हे सगळं चाललं होतं त्या कातकऱ्यांना मात्र मत नव्हतं. खोपटाला घरपट्टी नाही आणि घरपट्टी नाही म्हणून मत नाही, असा तो चोख कायदा होता.

आत्या निवडून आली. रेल्वेच्या लोकांनी, बाजाराने आणि बहुतेक धाकाने तिला निवडून दिलं. निकालानंतर अध्यक्षांच्या पत्नीकडून लिंबाच्या लोणच्याची बरणी आली, तीही मागच्या दाराने.

मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. झालं इतकंच की टेकडीचा ठराव पक्का करायला सभा भरली तेव्हा आत्या मागच्या बाकाऐवजी पुढच्या खुर्चीवर होती. ती बोलली. आषाढात त्या जागेत पाणी कुठवर येतं ते तिने टेबलापाशी उभं राहून कमरेला हात लावून दाखवलं. ‘तितं तुमी येक आटवडा ऱ्हावा,’ ती म्हणाली. ‘पोराबाळांस्नी घिऊन ऱ्हावा. मंग मीबी हात वर करते.’ सगळ्यांनी लक्षपूर्वक ऐकलं. एकाने तर तिच्या तळमळीबद्दल आभार मानले. मग अध्यक्षांनी मतं घेतली आणि तिच्याखेरीज सगळे हात वर गेले. शिव्या दिल्या असत्या तर मला कमी राग आला असता. ते आभार मला अजून पचलेले नाहीत.

मतं घेण्याआधी किराणावाल्यांच्या बाजूच्या एका सभासदाने शंका काढली होती की पावसाळ्यात आम्ही दुकानांपुढे गवताची छपरं घालतो, तीही काढावी लागतील का? ‘मुळीच नाही,’ अध्यक्ष म्हणाले होते. ‘मनाई फक्त बंगलेभागात आहे. बाजारात आपल्या जागेत कुणी कसलं छप्पर घालावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न.’ आत्याने हे ऐकलं होतं.

होळीनंतर वस्ती उठवली. शिपाई आले, खोपटांचे कूड उपसले आणि छपरं ओढून एका जागी ढीग घातला. चांगुणा चुलीचे दगड गोळा करत होती. शिपायांतला एकजण तिला म्हणाला, ‘दगड काय, कुठंबी मिळतील.’ तिने मान वर केली नाही. तिचा धाकटा भाऊ आणि आणखी काही घरं त्याच दुपारी, कुणाला काही न सांगता, मळवलीच्या दिशेने चालू लागली. उरलेल्यांपुढे आत्या जाऊन उभी राहिली.

‘नाल्यापल्याड कुनीबी जायाचं न्हाई,’ ती म्हणाली. ‘माज्या परड्यात चला. आन् ते गवात उचला, नवं कुटून आनाल?’

खानावळीमागचं आणि बाजूचं परडं तिचं होतं, बरोबर स्टेशनासमोर. दोन दिवसांत तिथे खोपटं उभी राहिली. मुंबईहून येणारे बंगलेवाले गाडीतून उतरले की पहिलं दर्शन त्यांचंच. अध्यक्ष टांग्यातून धावत आले. आत्याने त्यांना त्यांचंच बोलणं शब्दाशब्दाने ऐकवलं. ‘ह्यो बाजार हाय. जागा माजी हाय. छप्पर कसलं घालायचं, ह्यो माजा प्रश्न हाय.’ वकील आल्या टांग्यातून परत गेले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यापेक्षा गोड दृश्य मी आयुष्यात फार पाहिलेलं नाही.

त्या पावसाळ्यात परड्यात आत्याचा संसार दसपट वाढला आणि रागही. पोरं माळ्यावर झोपत, मी जिन्यात झोपे. चांगुणा आणि ती एकाच चुलीवर भांडत. बंगलेवाल्यांनी कमिटीकडे अर्जांवर अर्ज केले, आणि दिवाळीच्या आत स्टेशनाच्या पश्चिमेला एक उंचवटा वस्तीसाठी राखून ठेवल्याचा ठराव झाला. पाहणीची गरज कुणाला वाटली नाही. टेकडीवर मात्र बंगला उभा राहिला नाही. लढाई सुरू झाली, लोखंड-सिमेंट मिळेना, कंत्राटदाराने हात काढून घेतला. प्लॉटांचे हद्दीचे दगड तेवढे गवतात उरले. 

नव्या जागेवर घरं बांधून झाली तेव्हा आत्या प्रत्येक खोपटात शिरून दोष काढून आली. ‘चांगुनाच्या भावाची जागा मोकळी ठिवलीया,’ ती मला म्हणाली. ‘त्येला बोलवाया पायजे.’ कुणीतरी सांगितलं की तो मळवलीच्या पुढे डोंगरात कोळशाच्या भट्टीवर आहे. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. आत्याने भाकऱ्यांची चवड बांधून घेतली होती.

तो भट्टीपाशी भेटला. अंगभर काजळी, डोळे लाल. भाकऱ्या त्याने घेतल्या आणि बायकोकडे दिल्या. आत्या नेहमीसारखी कडाडली. ‘हितं धुरात काय करतुस? जागा दिलीया तितं. लिवून दिलीया. उंचावर हाय, पानी यायचं न्हाई. चल, सामान उचल.’

त्याने भट्टीच्या मातीवरून हात फिरवला. मग म्हणाला, ‘मावशी, तू चांगलं केलंस. पन हितं आमाला कुनी बसवलं न्हाई, तवा कुनी उठवनार न्हाई. तितं पुन्हा उठवलं तर?’

मी आत्याकडे पाहिलं.  अध्यक्षांना, स्टेशनमास्तरांना, पावसाला, सगळ्यांना तिच्याकडे उत्तर असे.  या वेळी तिने फक्त त्याच्या बायकोच्या कडेवरच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि पायवाटेने खाली उतरू लागली.

मळवलीच्या स्टेशनात आम्ही बाकावर बसलो. ऊन उतरत होतं, पलीकडे भाताची खाचरं कापून रिकामी झाली होती. गाडी आली. मी उठलो, दार उघडून धरलं.

‘फुडच्या गाडीनं जाऊ,’ आत्या हळू म्हणाली.

तिचा इतका हळू आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. गाडी निघून गेली. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. ती त्या डोंगराकडे पाहत होती, आणि तिथून वर चढणारा भट्टीचा धूर सरळ, बारीक, कुणाचाही राग न करता आभाळात चालला होता.