भिवराबाईची गावातली पहिली शिवरात्र

भिवराबाईनं उभ्या आयुष्यात आपल्या गावची शिवरात्र बघितली नव्हती, हे परक्या माणसाला सांगितलं तर खोटं वाटेल. पण तिचा जन्मच ऊसतोडीच्या कोपीत, फडाशेजारी पाचटानं शाकारलेल्या खोपटात झालेला. आधी आईबापाच्या मागं, मग नवऱ्याच्या, त्रिंबकच्या जोडीनं ती दर दिवाळीला गाव सोडायची आणि उन्हं तापल्यावर परतायची. बालाघाटाच्या कुशीतलं तिचं गाव हिवाळ्यात कसं दिसतं, हे तिच्यापेक्षा एसटीच्या कंडक्टरला जास्त ठाऊक.

यंदा मात्र ही जोडी घरी राहिली. गावात बायकांची दूध सोसायटी निघाली आणि भिवराबाईच्या दोन म्हशींचं दूध रोज टेम्पोत जाऊ लागलं. नेमका त्याच साली पाऊस दडी मारून बसला. चारा संपत आला, म्हशी आटू लागल्या. दूध असंच घटलं तर टेम्पो यायचा बंद होणार, हे सगळ्यांना कळत होतं.

त्रिंबक एकदा जेवताना म्हणाला, "टेम्पो बंद झाला तर दिवाळीला कोयता उचलावाच लागंल. अन् जोडीबिगर मुकादम उभा करत न्हाई. तुला यावंच लागंल."

 भिवराबाईनं मनाशी ठरवलं, डोंगरावरच्या महादेवालाच साकडं घालायचं. सोसायटी राहू दे, मला परत फडात धाडू नको, एवढंच मागायचं.

शिवरात्रीला ती शेजारच्या छबुबाईबरोबर निघाली. छबुबाई जरा चढली की टेकायची. भिवराबाईला टेकणं माहीतच नाही. डोक्यावर उसाची मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढणारी बाई ती. नजर पायाशी, आणि मागच्याचा खोळंबा नको म्हणून चाल झपझप. आज डोक्यावर पदराशिवाय काही नव्हतं, तरी चाल तीच.

"अगं, कावून पळायलीस? वर काय गाडी भरायचीय का?" छबुबाई मागून ओरडली.

भिवराबाई हसली, पण पाय काही ऐकेनात. महादेवाच्या वळणावर सगळा गाव उजवीकडं गेला आणि ही खाली बघत नाकासमोर चढत राहिली. वाट संपली तेव्हा कुठं तिनं मान वर केली. देऊळ कुठलं! बाई भलत्याच टेकाडावर येऊन उभी होती.

स्वतःलाच दोन शिव्या हासडून ती मागं वळणार तोच थबकली. पलीकडचा अख्खा उतार पळसाच्या फुलांनी भरला होता. पान औषधाला नाही, नुसता केशरी रंग, आणि त्यात पाखरांची झुंबड. पळस काही तिला नवा नव्हता, त्याच्या पानांच्या पत्रावळी तिनं ढिगानं लावल्या होत्या. पण तो फुलायचा तेव्हा ती ऊस तोडत असायची, आणि ती यायची तेव्हा फुलं गळून गेलेली असायची. विहिरी कोरड्या, तळ्याला भेगा, अशा साली याला एवढं फुलायचं सुचलं कसं, या विचारानं तिला हसूच आलं.

ती दगडावर बसली. बसली ती बसलीच. कुणी हाका मारत नव्हतं, कुणी मोळ्या मोजत नव्हतं. तिला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. हे दाखवायलाच आपल्याला कुणीतरी वाट चुकवून इथं आणलं, असं तिला अगदी खरं वाटलं. तिनं तिथूनच फुलांना हात जोडले.

मग उतरून, ते वळण शोधून ती देवळात गेली. पिंडीवर बेल वाहिला, डोकं टेकवलं. "लई केलंस बाबा माझ्यासाठी," एवढंच तोंडातून निघालं आणि ती बाहेर आली.

घरी पोचली तर त्रिंबक म्हशींना पाणी दाखवत होता. "घातलंस का साकडं?"

भिवराबाईनं कपाळावर हात मारला. "आगं बाई! मागायचंच राह्यलं की!"

"मग एवढा डोंगर चढून केलंस काय?"

"बघितला." ती ओसरीवर पाय पसरून बसली. त्रिंबक अजून तोंडाकडंच बघतोय म्हटल्यावर म्हणाली, "टेम्पो येवो न येवो, मुकादमाला सांगून टाका, आमची जोडी आता यायची न्हाई. तुमीबी कुठं बघितलाय आपला डोंगर? पुढल्या शिवरात्रीला तुमाला घेऊन जायाचंय मला."