मुंग्या उतरू द्या

उपरण्याखाली हात घालण्याआधी मामा दोन्ही हात असे झटकत, जणू आत्ताच नदीतून वर आले आहेत. मग म्हणत, "थांबा मालक, मुंग्या उतरू द्या."

नायगावच्या बैलबाजारात ते दलाल होते, सगळा बाजार त्यांना मामाच म्हणायचा. राज्य निजामाचं, पण बाजारावर हुकूम उपरण्याचा. भाव तोंडाने बोलायचा नाही. कापडाखाली बोटं दाबून सांगायचा. तुम्ही कुणी तो सौदा पाहिला असेल, तर तेव्हाचे दगडी चेहरेही पाहिले असतील. माझा सोडून. बैल घेताना मी आत बोटं दाबायचो आणि बाहेर तोंडाने भांडायचो. "बोट बोलून राहिलंय तेवढं बास हाय, मालक," मामा म्हणत. "तोंडाला जरा पाणी पाजा."

मुंग्या मात्र उतरत नव्हत्या. मामी रोज त्यांच्या हातांना एरंडाची गरम पानं बांधायची. पान किती गरम आहे ते स्वतःच्या गालाला लावून बघायची, कारण एकदा चुलीपाशी मामांचा हात भाजला तरी त्यांना कळलं नव्हतं. बाजारात ते वाळूची पुरचुंडी जवळ ठेवत, मुंग्या जाव्यात म्हणून तळहातांत वाळू चोळत बसत.

"हाताचं वारूळ झालंय," एकदा मला म्हणाले. "पन कुनाला बोलू नका. रगतपिती म्हनतील."

म्हणालेच. एका सौद्यात त्यांना चौथं बोट कळलं नाही. "मी चार दाबली व्हती!" असं ओरडत विकणाऱ्याने उपरणं ओढलं. हातावरचा भाजल्याचा डाग उघडा पडला, आणि माणसं महारोगाच्या भीतीने मागे सरकली.

मी त्यांना नांदेडला हकीमसाहेबांकडे नेलं. त्यांनी सुई टोचून पाहिली, डाग निरखला. "कोढ नै है. नसां कमजोर हुए," म्हणाले. "मालिश करते रहो. पूरा जाएगा, ऐसा नै बोलता."

पुढच्या बाजारी मी घसा बसेपर्यंत हेच ओरडून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. हात कुणी घातला नाही. ज्यांच्या दावणी मामांनी भरल्या, त्यांनीही नाही. त्यांच्याशी मी आजही कामापुरतंच बोलतो.

मामा बाभळीखाली गुडघ्यांवर उपरणं पसरून बसले होते. माझ्याकडे त्या दिवशी बैल नव्हता. तरी मी हात आत घातला, बोटं दाबली.

"किती?" मी विचारलं.

त्यांनी माझी बोटं एकेक करून चाचपली.

"न्हाई कळत, मालक. पन हात हाय एवढं कळतंय."

मग त्यांनी उपरण्याची घडी केली.

पुन्हा ते बाजारात आले नाहीत. वाळूची पुरचुंडी बाभळीच्या बुंध्याशी तशीच राहिली. ती मी कुणाला हलवू दिली नाही.